घटना-गुणधर्म, चिन्हांकन भाषांतील

संगणकाच्या पडद्यावरील बटण, दुवा, मजकुराचा रकाना यांसारख्या घटकावर वापरकर्त्याने काही कृती केली असता कोणते आदेश चालवावयाचे, हे त्या घटकाच्या चिन्हांकनातच नमूद करण्यासाठी जो गुणधर्म वापरतात, त्यास घटना-गुणधर्म म्हणतात. गुणधर्म म्हणजे टॅगमध्ये लिहिलेली नाव व मूल्य यांची जोडी. बटण दाबणे, माऊसचा दर्शक एखाद्या शब्दावरून जाणे, रकान्यातील मजकूर बदलणे, पृष्ठ पूर्णपणे उतरून येणे या सर्व ‘घटना’ होत. एचटीएमएल भाषेतील ‘ऑनक्लिक’ हा या प्रकारातील सर्वांत परिचित गुणधर्म असून त्याचे मूल्य म्हणून जावास्क्रिप्ट भाषेतील एखादे विधान, बहुधा एखाद्या फंक्शनचे पाचारण, लिहिले जाते.

चिन्हांकन हे वर्णन असते आणि स्क्रिप्ट ही कृती असते. घटना-गुणधर्मात ही दोन भिन्न जातींची लेखने एकाच अवतरणचिन्हात येतात. वर्णन म्हणून लिहिलेला मजकूर यंत्र आदेश म्हणून वाचते. या एका वैशिष्ट्यामुळे संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या असंख्य लोकांना स्वतःची पृष्ठे ‘चालती’ करता आली आणि त्याच वैशिष्ट्यामुळे परक्या माणसाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर आदेश होऊन चालू लागला. या गुणधर्माचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्यातील मूल्याचे क्षेत्र संकुचित करीत जाण्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : चिन्हांकनाच्या मूळ कल्पनेत कृतीला स्थान नव्हते. आयबीएममध्ये १९६९ साली चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी विकसित केलेली जीएमएल भाषा आणि तिच्यापासून पुढे १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली एसजीएमएल यांचा हेतू दस्तऐवजाचे वर्णन करणे एवढाच होता. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी असे लेखकाने सांगावयाचे. त्याचे पुढे काय करावयाचे ते वाचणाऱ्या यंत्रणेने ठरवावयाचे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ पासून वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडून ती उभी केली, तेव्हा एचटीएमएलही याच परंपरेत घडली. पुढे तीत प्रपत्रे आली, तथापि प्रपत्रातील एखादा रकाना रिकामा राहिला आहे एवढे कळण्यासाठीदेखील सर्व माहिती दूरच्या सर्व्हरकडे पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने जोडलेल्या त्या काळातील संगणकांना ही फेरी फार जाचक होती.

कृतीची परंपरा निराळ्या दिशेने आली. ॲपल कंपनीने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बिल ॲटकिन्सन यांच्या हायपरकार्ड या प्रणालीत प्रत्येक बटणाला स्वतःची स्क्रिप्ट असे. हायपरटॉक भाषेतील ही स्क्रिप्ट ‘ऑन माऊसअप’ अशा इंग्रजी वाक्यासारख्या शब्दांनी सुरू होई. म्हणजे माऊसची कळ सुटताच पुढील आदेश पाळावेत. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकमध्ये (१९९१) बटणाचे नाव व घटनेचे नाव जोडून त्या नावाचे कार्य लिहिले, की दोहोंची सांगड आपोआप बसे. दोन्ही प्रणालींनी पडद्यावरील वस्तू आणि तिची करणी परस्परांच्या शेजारी ठेवली व नवख्या माणसाला कार्यक्रमलेखन सुलभ केले. पुढे जावास्क्रिप्टवर हायपरटॉकचा जो प्रभाव पडला, तो मुख्यतः ‘ऑन’ या उपसर्गाच्या रूपाने आजही दिसतो.

उदय : नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत एका नव्या स्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना तयार केला. प्रथम मोका, नंतर लाइव्हस्क्रिप्ट आणि ४ डिसेंबर १९९५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सबरोबर केलेल्या घोषणेनंतर जावास्क्रिप्ट अशी तिची नावे बदलत गेली. व्यावसायिक कार्यक्रमकारांसाठी जावा आणि पृष्ठे रचणाऱ्या सर्वसामान्य लेखकांसाठी ही लहान भाषा, अशी विभागणी कंपनीच्या मनात होती. अशा लेखकाला स्वतंत्र धारिका, वर्ग, संकलन या गोष्टींत न गुंतवता त्याच्या परिचयाच्या टॅगमध्येच एक गुणधर्म वाढवून देणे हे त्या धोरणाशी सुसंगत होते. मार्च १९९६ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या नेव्हिगेटर २.० मध्ये ऑनक्लिक, ऑनसबमिट, ऑनचेंज, ऑनफोकस, ऑनब्लर, ऑनमाऊसओव्हर, ऑनलोड इ. गुणधर्म होते. ते सर्व घटकांना लागू नव्हते. ऑनक्लिक हा मुख्यतः दुवे व प्रपत्रातील बटणे यांच्यापुरताच होता. प्रपत्र पाठविण्यापूर्वी त्याची जागच्या जागी तपासणी करणे हा त्यांचा पहिला मोठा उपयोग ठरला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ३.० ने जेस्क्रिप्ट या नावाने हीच भाषा स्वीकारली. जून १९९७ मध्ये ईसीएमए-२६२ या मानकाने भाषेचे आणि १८ डिसेंबर १९९७ रोजी एचटीएमएल ४.० ने घटना-गुणधर्मांचे प्रमाणीकरण केले. त्यात असे अठरा गुणधर्म असून बहुतेक सर्व घटकांना त्यांतील माऊस व कळफलक यांचे गुणधर्म लावण्याची मुभा देण्यात आली. हे मूल्य कोणत्या स्क्रिप्ट भाषेत आहे ते पृष्ठाच्या शिरोभागी सांगण्याची तरतूदही त्यात होती, परंतु जावास्क्रिप्टखेरीज दुसरी भाषा व्यवहारात टिकली नसल्याने ती औपचारिकच राहिली.

कार्यपद्धती : गुणधर्माचे मूल्य ही केवळ अक्षरमाला असते. ब्राउझर प्रथम एचटीएमएलच्या नियमांनुसार ती वाचतो आणि त्यातील संकेतरूप चिन्हे मूळ अक्षरांत परत आणतो. त्यानंतर ती अक्षरमाला एका निनावी फंक्शनचे शरीर आहे असे समजून तिचे जावास्क्रिप्टमध्ये संकलन केले जाते. या फंक्शनला ‘इव्हेंट’ या नावाने घडलेल्या घटनेची माहिती मिळते, तर ‘धिस’ या शब्दाने तो घटक स्वतः निर्दिष्ट होतो. फंक्शनने ‘असत्य’ हे मूल्य परत केल्यास त्या घटनेमागून होणारी ब्राउझरची नेहमीची कृती, उदा., दुव्यावरून पुढे जाणे किंवा प्रपत्र पाठविणे, रद्द होते. यात नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. तपासणीचे फंक्शन ‘असत्य’ परत करते, परंतु गुणधर्मात त्याला पाचारण करताना अगोदर ‘रिटर्न’ हा शब्द लिहिलेला नसतो. मग तपासणीत चूक सापडते, सूचनाही झळकते आणि प्रपत्र मात्र निघून जाते.

नावांचा शोध हा याहून सूक्ष्म भाग आहे. मूल्यात आलेले एखादे नाव प्रथम त्या घटकात, नंतर तो ज्या प्रपत्रात असेल त्या प्रपत्रात, मग दस्तऐवजात व शेवटी सर्वव्यापी क्षेत्रात शोधले जाते. प्रपत्रातील रकान्यांचा उल्लेख लहान नावांनी करता यावा, ही या योजनेमागील सोय होती. तथापि ‘ओपन’ किंवा ‘क्लिअर’ अशा नावाचे स्वतःचे फंक्शन लेखकाने लिहिले, तर गुणधर्मातून त्याऐवजी दस्तऐवजाचे त्याच नावाचे जुने फंक्शन चालते. स्क्रिप्टमध्ये बरोबर चालणारे पाचारण टॅगमध्ये का चालत नाही, याचा उलगडा न होऊन अनेकांनी वेळ घालविला आहे. फंक्शनची नावे देवनागरीत ठेवण्याची मुभा भाषेच्या १९९९ च्या तिसऱ्या मानकापासून आहे. त्यामुळे ‘तपासा’ या नावाचे फंक्शन ऑनसबमिटमधून बोलावता येते व नावांच्या या गोंधळातून सुटकाही होते, पण मराठी कार्यक्रमकारांनी या सोयीचा लाभ क्वचितच घेतला.

अलगतेचा आग्रह : १९९६ च्या डिसेंबरात प्रमाणित झालेल्या सीएसएसमुळे पृष्ठाचे रूप चिन्हांकनातून बाहेर काढणे शक्य झाले होते. मग वर्तनही बाहेर का काढू नये, असा प्रश्न पुढे आला. नोव्हेंबर २००० मध्ये मान्य झालेल्या दस्तऐवज प्रतिमानाच्या दुसऱ्या स्तराने (डॉम-२) ‘ॲडइव्हेंटलिसनर’ हे साधन दिले. त्याने स्क्रिप्टमधूनच घटकावर श्रोता बसविता येतो. गुणधर्मात एका घटनेसाठी एकच मूल्य मावते, श्रोते मात्र कितीही असू शकतात. २००२ च्या सुमारास ‘अनाहूत न होणारी’ जावास्क्रिप्ट अशी घोषणा करीत एक चळवळच उभी राहिली. जेरेमी कीथ यांच्या डॉम स्क्रिप्टिंग (२००५) या ग्रंथाने आणि जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी (२००६) या फंक्शन-संग्रहाने ती सर्वत्र पोहोचविली. चळवळीचा मुख्य युक्तिवाद असा, की ज्या दुव्याला खरा पत्ताच नाही आणि जो केवळ ऑनक्लिकवर जगतो, तो स्क्रिप्ट बंद असलेल्या ब्राउझरमध्ये मृत होतो. हा युक्तिवाद योग्यच होता. परंतु त्या काळी बहुसंख्य लोक वापरीत असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररने हे प्रमाणित साधन २०११ च्या नवव्या आवृत्तीपर्यंत स्वीकारले नाही आणि म्हणून सर्वत्र सारखा चालणारा जुना गुणधर्म मागे हटला नाही.

या चळवळीत एक गोष्ट हरवली, तिची नोंद करणे आवश्यक वाटते. ऑनक्लिक असलेले बटण पाहणाऱ्याला ते काय करते हे त्याच ओळीत वाचता येई. पृष्ठाचा स्रोत उघडून शिकणाऱ्यांची एक पिढी त्यावर वाढली. श्रोते दूरच्या धारिकेत गेल्यावर बटण कोणाच्या सांगण्यावरून हलते ते शोधण्यास स्वतंत्र साधन लागू लागले.

परका मजकूर आणि आदेश : ही सर्व चर्चा नीटनेटकेपणाविषयी होती. खरा धोका निराळाच होता. अमेरिकेतील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इशाऱ्यात, एखाद्या संकेतस्थळाच्या पृष्ठात परक्याने आदेश घुसविण्याच्या प्रकाराचे वर्णन केले आहे. घटना-गुणधर्म हे अशा शिरकावाचे आवडते द्वार ठरले, कारण त्यासाठी नवा टॅग उघडावा लागत नाही. अस्तित्वात असलेल्या टॅगमधील एक अवतरणचिन्ह तेवढे बंद करता आले की पुरते.

समजा, ग्रंथालयाच्या एका पृष्ठावर पुस्तकांची यादी असून प्रत्येक नावापुढे ‘काढून टाका’ हे बटण आहे आणि त्याच्या ऑनक्लिकमध्ये पुस्तकाचे नाव एकेरी अवतरणात घालून फंक्शनला दिले आहे. नावातच एकेरी अवतरण आले, की पाचारण मोडते. आणि नाव हेतुपुरस्सर रचलेले असेल, तर अवतरणापुढील भाग आदेश होतो. सावध कार्यक्रमकार त्या चिन्हाऐवजी त्याचा एचटीएमएल संकेत लिहितो व निश्चिंत होतो. पण वर सांगितल्याप्रमाणे ब्राउझर प्रथम संकेत उलगडतो आणि मग जावास्क्रिप्ट वाचतो. तोवर चिन्ह मूळ रूपात परतलेले असते. एकाच मजकुरावर दोन भाषांचे नियम एकापाठोपाठ लागू होतात, हे ध्यानात न घेणाऱ्या संरक्षणाचा येथे काहीच उपयोग होत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर ‘सॅमी’ नावाची कृमिप्रणाली पसरली. ‘ऑन’ने सुरू होणारे गुणधर्म व ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द स्थळाची चाळणी काढून टाकीत असे. त्यावर तोड म्हणून आदेश एका निरुपद्रवी दिसणाऱ्या गुणधर्मात साठविले होते आणि शैलीच्या गुणधर्मातून, शब्द मध्येच ओळ बदलून तोडून, ते चालविले होते. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या पृष्ठांवर तिची प्रत पोहोचली व दुरुस्तीसाठी स्थळ बंद ठेवावे लागले.

२१ सप्टेंबर २०१० रोजी ट्विटरवर घडलेला प्रकार तर प्रत्यक्ष ऑनमाऊसओव्हरचाच होता. संदेशातील पत्ता ओळखून त्याचा दुवा करणाऱ्या भागात दोष होता. पत्त्यात ‘ॲट’ चिन्ह व त्यापुढे दुहेरी अवतरण आल्यास दुव्याचा गुणधर्म तेथेच संपे आणि उरलेला मजकूर त्याच टॅगमधील नवा गुणधर्म बनून जाई. वाचकाने काहीही दाबण्याची गरज नव्हती. संदेशावरून दर्शक फिरताच त्याच्या नावाने तोच संदेश पुन्हा प्रसृत होई. ब्रिटनच्या माजी पंतप्रधानांच्या पत्नी सारा ब्राउन व व्हाइट हाउसचे तत्कालीन प्रवक्ते रॉबर्ट गिब्ज यांच्या खात्यांनाही याचा उपसर्ग पोहोचला. हा दोष ऑगस्टमध्येच दुरुस्त केला होता, परंतु स्थळातील नंतरच्या बदलामुळे तो पुन्हा उघडा पडला, असे कंपनीने जाहीर केले.

चाळणी लावून वाईट मजकूर वेगळा काढणे अखेर अपुरे पडते, हे या घटनांवरून स्पष्ट झाले. मोझिलाने फायरफॉक्स ४ (मार्च २०११) मध्ये आणलेल्या आणि पुढे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने हाती घेतलेल्या ‘आशय-सुरक्षा धोरणा’ने उलट मार्ग धरला. चांगला कोणता व वाईट कोणता हे न पाहता चिन्हांकनात लिहिलेला कोणताच आदेश चालवावयाचा नाही, अशी मनाई सर्व्हर ब्राउझरला कळवितो. अशा पृष्ठावरील ऑनक्लिक जागच्या जागी निष्क्रिय राहतो. धोरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत विशिष्ट स्क्रिप्ट-टॅगला एकवार वापराचा परवाना-अंक देता येऊ लागला, परंतु गुणधर्मांना तो लागू नाही. गुणधर्मावर अंक लिहावयास जागाच नसते. गूगल क्रोमच्या जोडप्रणालींना २०१२ पासून, नव्या घोषणापत्राबरोबर, ही मनाई सक्तीची झाली व त्या लेखकांना आपापले गुणधर्म उपटून काढावे लागले.

ॲपच्या इंटरफेसमधील उपयोग : पृष्ठांबाहेर, स्वतंत्र ॲपचे पडदे रचण्यासाठीही चिन्हांकनाचा वापर होऊ लागला, तेव्हा प्रत्येक प्रणालीला मूल्याच्या जागी काय लिहू द्यावयाचे हा निर्णय नव्याने करावा लागला. मॅक्रोमीडियाच्या फ्लेक्सने (२००४) एमएक्सएमएलमध्ये संपूर्ण विधान लिहू दिले. मात्र ते अगोदरच संकलित होत असल्याने चालत्या वेळी परका मजकूर त्यात शिरत नसे. मायक्रोसॉफ्टच्या झॅमलमध्ये (२००६) केवळ कार्याचे नाव लिहावयाचे असते आणि ते संकलनाच्या वेळीच पडताळले जाते. अँड्रॉइडच्या १.६ आवृत्तीपासून (२००९) बटणाच्या वर्णनात ऑनक्लिकपुढे कार्याचे नाव लिहिता येऊ लागले. हे नाव संकलनात तपासले जात नाही. बटण दाबल्यावर त्या नावाचे कार्य शोधले जाते. नावात एका अक्षराची चूक असेल, तर ॲप नेमके वापरकर्त्याच्या हातात बंद पडते. कार्यक्रम आटोपशीर करणाऱ्या साधनाने नावे बदलली, तरी तीच गत होते. म्हणून अशा कार्यांना न वगळण्याचा नियम त्या साधनांना मुळातच देऊन ठेवावा लागला. पुढे अँड्रॉइडच्या कर्त्यांनीच हा शोध ठिसूळ असल्याचे सांगून तो गुणधर्म कालबाह्य ठरविला. चीनमधील वीचॅटच्या लघुप्रणालींतही (२०१७) ‘बाइंडटॅप’ या गुणधर्मापुढे फक्त फंक्शनचे नाव येते. नाव हे केवळ निर्देश करते. त्यातून नवा आदेश रचता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

गूगलमधील अँग्युलरजेएसने (२०१०) मधला मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. ‘एनजी-क्लिक’मधील विधान ब्राउझरऐवजी ती प्रणाली स्वतःच्या मर्यादित व्याकरणाने वाचे व ते एका कुंपणात चालवी. संशोधकांनी ते कुंपण वारंवार ओलांडले, अखेर १.६ या आवृत्तीत ते काढूनच टाकण्यात आले. फेसबुकने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या रिॲक्टमध्ये ऑनक्लिक पुन्हा टॅगमध्ये दिसू लागला, तेव्हा अलगतेच्या पुरस्कर्त्यांना तो प्रतिगामी वाटला. हे साम्य वरवरचे आहे. तेथील टॅग हे चिन्हांकनासारखे लिहिलेले जावास्क्रिप्टच असून गुणधर्मात अक्षरमाला नव्हे, तर प्रत्यक्ष फंक्शन ठेवले जाते. बटण व त्याची करणी पुन्हा शेजारी आली, परंतु मजकुराचे आदेशात रूपांतर होण्याचा टप्पा त्यातून वगळला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते हायपरकार्डची मूळ सोय धोक्याविना परत मिळविण्याचा हा सर्वांत यशस्वी प्रयत्न होय.

एचटीएमएलमध्येही अलीकडे स्क्रिप्ट नसलेले गुणधर्म येत आहेत. एखादा तरंगता फलक उघडण्यासाठी बटणावर त्या फलकाची ओळख लिहिणे २०२४ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत शक्य झाले, तर बटणाने दुसऱ्या घटकाला ठरावीक आज्ञांपैकी एक द्यावी यासाठीचे ‘कमांड’ व ‘कमांडफॉर’ हे गुणधर्म क्रोममध्ये २०२५ साली दाखल झाले.

मोझिलाच्या ब्राउझराचा स्वतःचा इंटरफेस झूल या चिन्हांकन भाषेत रचलेला होता आणि त्यातील यादीपट्ट्या व बटणे ‘ऑनकमांड’ या गुणधर्माने चालत. झूलवर आधारित जोडप्रणाली नोव्हेंबर २०१७ मध्ये बंद झाल्या, तरी ब्राउझराच्या चौकटीत हे गुणधर्म शेकड्यांनी उरले होते. या चौकटीत चालणाऱ्या स्क्रिप्टला सामान्य पृष्ठापेक्षा कितीतरी अधिक अधिकार असतात. त्यामुळे तेथे घुसलेला एक आदेश सबंध संगणकाला घातक ठरू शकतो. आशय-सुरक्षा धोरण प्रथम आणणाऱ्या फायरफॉक्सने स्वतःच्या मुख्य इंटरफेसमधील असे सहाशेहून अधिक गुणधर्म २०२५ च्या १३८ व्या आवृत्तीपर्यंत एकेक करून श्रोत्यांत बदलले, आणि त्यानंतरच ते धोरण त्या चौकटीला लागू करता आले.